काळ्या दोऱ्यातली कार्डं

शिंक यायच्या बेतात असली की बनूताई हातातलं कार्ड आधी लांब धरायच्या आणि मग शिंकायच्या. त्या दिवशी लागोपाठ चार शिंका आल्या. पदराने नाक पुसत त्या म्हणाल्या, "इंग्रजांचं नाकसुद्धा 'रन' होतं, प्रमिले. आपलं काय होतं?"

"वाहतं," मी म्हटलं.

"वाहतं. गळतं. आणि लहान पोराचं असलं तर? आई काय म्हणते, नाक वाहतंय म्हणते? नाक आलंय, पूस, म्हणते. लिही, तीन झाली."

"हे तुमचं कार्ड आहे, बनूताई. मी का लिहू?"

"माझं अक्षर तुझ्या देवस्थळी सरांना लागत नाही ना, म्हणून." आणि पाचवी शिंक आली.

शिंका येण्यासारखीच ती जागा होती. सांगलीला हळदीच्या पेठेत एका गोदामाच्या माडीवर आमची कचेरी. खाली हळदीची पोती, वर आम्ही इंग्रजी-मराठी कोशाचं काम करणारी चार माणसं. संध्याकाळी घरी जाऊन लुगडं झटकलं की पिवळी धूळ उडायची. कार्डांच्या कडा पिवळ्या, शाईच्या दौतीचं बूच पिवळं. ही सदुसष्ट सालची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते, नुकती बी.ए. झालेली, नाव प्रमिला आठल्ये. बनूताई चौबळ अठ्ठेचाळीस वर्षांच्या. त्यांचे यजमान रेल्वेत असिस्टंट स्टेशन मास्तर होते. ते गेल्यावर त्या भावाकडे येऊन राहिल्या होत्या. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी शिकल्या त्या नवऱ्याकडून आणि मिरजेच्या गार्ड लोकांकडून. मीच काय, आमचे संपादक देवस्थळी सरसुद्धा अडलं की त्यांना विचारायचे, मात्र आडून आडून.

आमची पद्धत साधी होती. एका अर्थाला एक कार्ड. वर इंग्रजी वाक्य, खाली मराठी, आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात लिहिणाऱ्याचं आद्याक्षर. माझं प्र., बनूताईंचं ब. चूक निघाली तर कुणाला विचारायचं ते कळावं, एवढ्यासाठीच ते अक्षर. बाकी आम्हाला नावं नव्हती.

त्या वर्षी आम्हा दोघींना एकेक मोठा शब्द मिळाला होता. मला 'सेट' आणि बनूताईंना 'रन'. इंग्रजीतले हे शब्द दिसायला एवढेसे, पण उघडले की संपत नाहीत. मी काय केलं, तीन इंग्रजी कोश समोर उघडून ठेवले, त्यांतले अर्थ एकाखाली एक मांडले आणि प्रत्येकापुढे मराठी शब्द लिहिला. एकशे दहा कार्डं झाली. सगळी बरोबर होती. एकही वाचावंसं वाटणारं नव्हतं.

बनूताई कोश उघडायच्या, वाक्य वाचायच्या आणि बाहेर जायच्या. शिंप्याकडे, नळावर, एसटी स्टँडवर.

"गाडी धावते, असं लिहू का?" एकदा मी विचारलं होतं.

"मिरजेच्या स्टेशनात मी तेवीस वर्षं काढली. गाडी येते, जाते, सुटते, चुकते. लेट असते. एकाही माणसाने 'गाडी धावते' म्हटलेलं मी ऐकलं नाही. पेपरात धावते. तेही लिहू, पण कंसात 'पेपरात' लिहू."

साखर संपली, याला इंग्रजीत पुन्हा 'रन'च. बनूताई म्हणाल्या, "माझी सासू 'संपली' म्हणू द्यायची नाही. साखर आणायला झाली म्हणायची. दोन्ही लिहिते." एखाद्या घराण्यात वेड असतं, त्याला 'रन'. त्या कार्डावर त्यांनी लिहिलं होतं, 'त्यांच्या घरात आहे ते (आवाज खाली आणून)'. मी हसले तेव्हा म्हणाल्या, "हसतेस काय? मुलगी देताना असंच सांगतात लोक."

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. आम्ही कार्डं खोक्यात ठेवायचो. त्या ठेवायच्या नाहीत. दाभणाने कडेला भोकं पाडून काळ्या दोऱ्यात ओवायच्या, खालून वर, वरून खाली, उशीची खोळ शिवावी तशी.

"खोक्यात कार्डं पालथी होतात. मग अर्थ विस्कटतो. हे बघ, आधी पाय पळतात. मग पाणी. मग पाण्यासारखा रस्ता. मग यंत्र, मग दुकान, मग आजार. एकातून दुसरं निघतं. मी आकडे घालत नाही. दोरा सांगतो कुणाच्या मागून कोण."

पौषात देवस्थळी सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. सर उंच, बारीक, कोटाच्या खिशात दोन पेनं. म्हणाले, "मंडळाने सहायक संपादकाची एक जागा कायम केली आहे. एकच. मार्चात समिती तुमचे दोन शब्द बघेल. ज्याचं काम पसंत पडेल त्याला ती जागा. दुसऱ्याचं काम त्यानंतर थांबेल."

जिना उतरताना बनूताई म्हणाल्या, "गावभागात एक खोली बघून ठेवली आहे मी. मागे तुळस आहे. भावजयीला अजून सांगितलेलं नाही."

माझ्याही घरी बोलणं चाललं होतं. भाऊ म्हणत होता, नोकरी कायम होत असेल तर ठीक, नाहीतर बार्शीच्या स्थळाला होकार कळवून टाकतो. बार्शीचा तो गृहस्थ बिजवर, दोन मुलांचा बाप, येऊन मला बघून गेला होता. बघताना त्याने मला भाकरी करता येते का हे विचारलं आणि माझ्या हातांकडे बराच वेळ बघत राहिला.

माघ लागला आणि सरांनी मला एकटीला बोलावलं.

"चौबळबाईंचं अक्षर कंपोझिटरला लागत नाही. समितीला तर लागणारच नाही. तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे. सगळं 'रन' सुवाच्य उतरवून काढा."

"बरं. कोपऱ्यात काय लिहू, सर? ब. लिहून शेजारी प्र. लिहू का?"

सर टेबलावर पेन आपटत होते. माझ्याकडे बघितलं नाही.

"उतरवताना चूक राहिली तर जबाबदार कोण? उतरवणारा. एकच अक्षर लिहा. दोन लिहिली की घोळ होतो." मग म्हणाले, "आणि सरकारी अनुदानाच्या अर्जात शिक्षणाचा रकाना आहे, आठल्येबाई. चौथी पास असं मी तिथे कसं लिहू?"

मला समजलं. समजलं नाही असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले, पण मला त्याच क्षणी समजलं होतं.

बनूताईंनी गठ्ठा माझ्या हातात ठेवला तेव्हा तो विटेएवढा जड होता. दोनशे अकरा कार्डं.

"दोरा तोडू नकोस हं. पानं उलटतात तशी उलट," त्या म्हणाल्या.

"घरी नेऊ का? इथे दिवसा होणार नाही."

"ने की. तुझ्याकडे आहे म्हणजे माझ्याकडेच आहे."

तीन आठवडे लागले. उतरवत गेले तसं मला कळत गेलं की माझं 'सेट' काय आहे आणि हे काय आहे. त्या कार्डांतून सगळी सांगली बोलत होती. नळावरच्या बायका, स्टँडवरचे कंडक्टर, त्यांची मेलेली सासू, त्यांचा मेलेला नवरा.

कचेरीत आणखी एक नियम होता. उतरवून झालेली जुनी कार्डं खाली गोदामात रद्दीच्या पोत्यात टाकायची. पोतं भरलं की रद्दीवाला न्यायचा.

समिती आली तो दिवस लख्ख उन्हाचा होता. निवडणूक नुकतीच होऊन गेलेली, भिंतींवर अजून चुन्याने रंगवलेली नावं. अध्यक्ष होते आप्पासाहेब मगदूम, त्या गोदामाचे मालक. मोठे हळद व्यापारी, धोतर, काळी टोपी. कोशासाठी पहिली देणगी त्यांचीच. इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण मराठी शब्द ऐकला की खरा की बनावट ते त्यांना लगेच कळायचं. दुसरे दोघे पुण्याहून आलेले प्रोफेसर, ते बहुतेक वेळ पंख्याकडे बघत होते.

वाचून दाखवायला सरांनी मला आत बोलावलं. बनूताई लाकडी फळीच्या आडोशापलीकडे आपल्या टेबलाशी बसल्या होत्या. फळी खांद्याएवढीच उंच होती.

मी आधी 'सेट' वाचलं. आप्पासाहेबांनी दोनदा जांभई दिली. मग 'रन' सुरू केलं.

"एवढ्याशा शब्दाला एवढी कार्डं?" आप्पासाहेब म्हणाले. "पळून पळून जातोय कुठं हा?"

मी वाचत गेले. साखर आणायला झाली, तिथे ते सावरून बसले. गाडी सुटते, चुकते, तिथे मान डोलावली. निवडणुकीचं कार्ड आलं. इंग्रजीत उमेदवार 'रन' होतो, मराठीत उभा राहतो.

आप्पासाहेब खो खो हसले. "तिकडं धावतो, आपल्याकडं उभा राहतो. आणि निवडून आला की बसतो. तेही घाला की त्यात."

प्रोफेसरही हसले. आप्पासाहेबांनी हात पुढे करून एक कार्ड घेतलं, डोळ्यांशी धरलं.

"याला म्हणायचं काम. पहिलं होतं ते नुसतं पुस्तकातलं. हे कुणी केलं?"

सरांनी कार्ड त्यांच्या हातातून घेतलं, कोपरा बघितला आणि शांतपणे म्हणाले, "प्र. म्हणजे आठल्येबाई."

पंखा किरकिरत होता. मी हातातल्या कार्डांच्या कडा एकसारख्या करत राहिले.

फळीपलीकडे खुर्ची सरकली. बनूताई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ते माझं आहे, आप्पासाहेब."

"चौबळबाईंची मदत झालीच आहे," सर म्हणाले. "ती मी नाकारत नाही."

"मदत नाही. सगळं माझं आहे. तिने उतरवलंय."

आप्पासाहेबांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा सरांकडे. "इथं अक्षर तर प्र. दिसतंय, बाई."

"जुन्या कार्डांवर ब. आहे. दोनशे अकरा कार्डं, काळ्या दोऱ्यात ओवलेली. प्रमिलेकडे दिली होती."

"मग काय, दोन मिनिटांचं काम. दाखवा. कुठं आहेत ती?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. सरही. आता मी काय बोलते ते बघायचं होतं त्यांना. मला बार्शीच्या त्या माणसाचे डोळे आठवले, माझ्या हातांवरचे.

"उतरवून झाल्यावर पोत्यात टाकली," मी म्हटलं. "नियमाप्रमाणे."

"पोतं अजून खालीच आहे," बनूताई म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

आम्ही वर बसून राहिलो. चहा आला. एक प्रोफेसर परतीच्या गाडीची वेळ विचारत होते. खालून पोती ओढल्याचा आवाज येत होता. रद्दीचं पोतं हळदीच्या पोत्यांमागे कुठेतरी दडपलेलं असणार. हमाल काहीतरी म्हणाला, बनूताईंनी उत्तर दिलं, मग पुन्हा ओढल्याचा आवाज. मधूनमधून शिंक. मी शिंका मोजत होते. दुसरं काही करणं मला सुचत नव्हतं.

कारण ती कार्डं पोत्यात नव्हती. माझ्या घरी, पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, लग्नासाठी घेतलेल्या शालूखाली होती. मी ती पोत्यात टाकू शकले नव्हते. इतकं चांगलं काम रद्दीत जाऊ नये, म्हणून ठेवलं, असं मला तेव्हा वाटत होतं. आणि उतरवताना पहिल्या दहा कार्डांवर माझ्या हाताने चुकून ब. लिहिलं गेलं होतं. ती दहाच्या दहा मी प्र. घालून पुन्हा लिहून काढली होती.

माझं घर कचेरीपासून चालत सात मिनिटांवर होतं. जाऊन येऊन पंधरा मिनिटं लागली असती. आप्पासाहेब थांबले असते.

पाऊण तासाने बनूताई वर आल्या. कोपरापर्यंत हात पिवळे झालेले, केसांत हळद, कपाळाला हळद. नवरा गेल्यापासून त्या कपाळाला कधी हळद लागली नसेल. प्रोफेसरांनी नजर दुसरीकडे वळवली.

"पोत्यात नाहीत," त्या म्हणाल्या. सरांना नाही, आप्पासाहेबांना नाही. मला.

"आता मी कुणाचं खरं धरू, बाई?" आप्पासाहेबांचा आवाज मऊ झाला होता. "कागद नाही तर मी तरी काय करणार?"

"राहू द्या, आप्पासाहेब."

त्यांनी टेबलावरचा आपला चष्मा, दाभण आणि काळ्या दोऱ्याचं रीळ पिशवीत घातलं. मी त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेले. का गेले, सांगता येत नाही. तीन पायऱ्या उतरून त्या थांबल्या. वळल्या नाहीत.

"प्रमिले, दोरा तोडलास का?"

"नाही," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. पोत्यात टाकलेल्या गठ्ठ्याबद्दल कुणी असं ठामपणे बोलत नाही.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि उतरून गेल्या. पायऱ्यांवर त्यांच्या पावलांचे पिवळे ठसे उठले होते. दुसऱ्या दिवशी झाडून काढले.

जागा मला मिळाली. बार्शीला नकार गेला. पुढे मी लग्नच केलं नाही, ती गोष्ट वेगळी. एकतीस वर्षं त्या माडीवर काढली, शेवटची अकरा वर्षं सरांच्या खुर्चीत. बनूताई भावाकडूनही गेल्या. कऱ्हाडला बहिणीकडे, असं ऐकलं. गावभागातली तुळशीची खोली कुणा कंपाउंडरने घेतली.

त्याच वर्षी आषाढात कचेरीत माझ्या नावाने एक पोस्टकार्ड आलं. वरचा पत्ता वाकड्यातिकड्या अक्षरात, कंपोझिटरला लागत नसे त्याच. मजकुराच्या बाजूला पत्र नव्हतं. नमस्कार नाही, आशीर्वाद नाही. आमच्या कार्डासारखं कार्ड होतं ते. वर इंग्रजी वाक्य, कापडातून टाके घालत नेण्याचं, त्यात 'रन'. खाली मराठी: धावदोरा घालणे.

हा अर्थ राहून गेला होता. दोनशे अकरा कार्डं त्यांनी धावदोऱ्यानेच ओवली होती, ती तीन आठवडे माझ्या मांडीवर होती, आणि आम्हा दोघींना तो दिसला नव्हता.

उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात आद्याक्षर होतं. त्यांच्या हातचं, वाकडं. प्र.

घरी आल्यावर मी पेटी ओढली, शालू बाजूला केला. पोस्टकार्ड त्या गठ्ठ्यात शेवटी ओवावं म्हणून दोऱ्याचं टोक शोधू लागले. टोक नव्हतं. दोनशे अकराव्या कार्डापाशी बनूताईंनी गाठ मारली होती आणि उरलेला दोरा दातांनी तोडून टाकला होता. ती गाठ मला सोडवता आली नाही. पोस्टकार्ड तसंच वर ठेवलं आणि पेटी आत ढकलली. अजून ते तिथेच आहे. शालू मात्र भाचीच्या लग्नात देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेळेवर कचेरीत गेले. नवं कार्ड घेतलं, तो अर्थ सुवाच्य अक्षरात लिहून काढला, आणि कोपऱ्यात बनूताईंनी लिहिलं होतं तेच अक्षर लिहिलं.